उ.वि.अ. म्हणजे कोण हो?
(सरकारी हुद्द्यांची आखूड अक्षरे आणि आपण सभासद)



गेल्या गळीत हंगामाच्या तोंडाशी एक वयस्कर सभासद आमच्याकडे आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची चळत. बसा म्हटले तरी बसेनात. "साहेब, माझी तोड मागं ढकलता येती का बघा," म्हणाले. आम्हाला नवल वाटले. तोड पुढे आणा म्हणून भांडणारे सभासद आम्ही रोज पाहतो. तोड मागे ढकला म्हणणारे हे पहिलेच.

खोदून विचारले तेव्हा सगळे बाहेर आले. दोन एकर आडसाली, जुलैची लागण, रान उत्तम. पण रानात जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेवर बांधकऱ्याने मे महिन्याच्या अखेरीस चर मारलेली. ट्रॅक्टर सोडा, बैलगाडीही जाईना. चिटबॉयने स्वच्छ सांगितले, "आबा, वाट नसंल तर टोळी देता येत नाही." त्याचेही खरेच. ऊस तोडून बांधावर ठेवायचा आणि डोक्यावरून अर्धा मैल वाहायचा, हे कोणती टोळी करील?

"मग तुम्ही पाच महिने केलंत काय?" आमच्या तोंडून निघून गेले.

आबांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. जूनमध्ये ते तक्रार घेऊन गट ऑफिसला गेले, तेव्हा तिथून लिहून दिलेली. चिठ्ठीवर एकच ओळ होती : 'रस्त्याबाबत उ.वि.अ. यांचेकडे अर्ज करावा.'

आबांना उ.वि.अ. एकच माहीत. पाटबंधारे खात्याचे उपविभागीय अधिकारी. पाण्याचा सात नंबर फॉर्म भरायला त्या कचेरीत त्यांचे जाणे-येणे. त्यांनी अर्ज तिथे दिला. आवक कारकुनाने शिक्का मारून घेतला. आबा वाट पाहत बसले. ऑगस्टमध्ये तिथून उत्तर आले की, सदरची बाब या कार्यालयाशी संबंधित नाही. मग कुणीतरी सांगितले, 'उ.अ.भू.अ. कडे जा.' आबा गेले. ती मोजणीची कचेरी. तिथे त्यांनी मोजणीची फी भरली आणि तारखेची वाट पाहिली. मोजणी झाली, हद्दीच्या खुणा झाल्या, पण चर जिथल्या तिथे. मोजणीवाला हद्द दाखवतो, वाट मोकळी करून देत नाही. तोपर्यंत नोव्हेंबर उजाडला.

चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मनातले उ.वि.अ. होते महसुलाचे, म्हणजे ज्यांना आपण 'प्रांत' म्हणतो ते. आणि खरे सांगायचे तर तेही चूकच होते. अडवलेल्या वहिवाटीच्या वाटेचा अर्ज मुळात तहसीलदारांकडे, म्हणजे मामलेदार कोर्टात द्यायचा असतो. १९०६ सालचा मामलेदार कोर्ट कायदा आहे, त्याच्या ५ व्या कलमाखाली. आणि त्या कायद्यात मुदत आहे सहा महिन्यांची. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल झाला नाही, तर मामलेदार तो ऐकून घेत नाही.

आम्ही बोटे मोजली. सहा महिने भरायला अठरा दिवस राहिले होते.

पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगतो. पण त्या दिवशी आबा गेल्यावर आम्ही ती चिठ्ठी बराच वेळ पाहत बसलो. चिठ्ठी आपल्याच गट ऑफिसची होती. तीन अक्षरे आणि तीन टिंबे. लिहिणाऱ्याचे शाईचे दोन थेंब वाचले आणि वाचणाऱ्याचे पाच महिने गेले. म्हणून ठरवले की, या अंकात या आखूड अक्षरांवरच लिहायचे.

खोड जुनीच आहे

शब्द तोडून लिहिण्याची खोड काही इंग्रजांनी लावलेली नाही. आपल्या घरी जुने मोडी दस्त असतील तर काढून बघा. मोडी लिहिणारा कारकून शब्दाचे पहिले अक्षर लिहून पुढे दोन उभे दंड मारी आणि पुढचा शब्द वाचणाऱ्याने समजून घ्यायचा. पत्राच्या मायन्यात 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, 'वे. शा. सं.' म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, 'ती.' म्हणजे तीर्थरूप, 'चि.' म्हणजे चिरंजीव. या आखूड अक्षरांत मान होता, नाते होते. आणि लिहिणारा व वाचणारा दोघेही त्याच रिवाजात वाढलेले, म्हणून घोटाळा होत नसे.

हुद्द्यांची नावे तर राज्यागणिक बदलत आली. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी हुद्द्यांना संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. त्यासाठी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. पुढे इंग्रजी अंमल आला आणि कलेक्टर आला. पण त्याच्या खालचा मामलेदार मात्र मामलेदारच राहिला. आज कागदावर 'तहसीलदार' असते, तरी म्हातारी माणसे अजून 'मामलेदार कचेरी'च म्हणतात. ती चूक नव्हे. १९०६ च्या त्या कायद्यात आजही मामलेदार हाच शब्द आहे.

१ मे १९६० ला आपले राज्य झाले. राज्याचा कारभार मराठीतून चालायचा तर हुद्द्यांना मराठी नावे हवीत. त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले आणि पुढे त्यांनी पदनाम कोश काढला. १९६४ चा राजभाषा अधिनियमही त्याच वाटेवरचा. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरचा कार्यकारी अभियंता झाला, डेप्युटी रजिस्ट्रारचा उपनिबंधक, ब्लॉक डेव्हलपमेंट ऑफिसरचा गटविकास अधिकारी. काम मोठे झाले, चांगले झाले. पण नावे लांब झाली आणि लांब नाव रोज किती वेळा लिहिणार? मग पुन्हा कात्री आली. का.अ., उ.नि., ग.वि.अ. आणि खेड्यातला माणूस इंग्रजी अक्षरांवरच राहिला : बीडीओ, डीडीआर, टीआयएलआर. परिणाम असा की, एकाच खुर्चीला आता तीन-तीन नावे. कागदावर उपविभागीय अधिकारी, साहेबाच्या तोंडी एसडीओ आणि चावडीवर प्रांत. तिन्ही एकच!

एका 'अ' चे किती अर्थ?

खरी अडचण पुढेच आहे. सरकारी हुद्द्यांत शेवटी बहुतेक 'अ.' येतो. हा 'अ.' म्हणजे अधिकारी असेल, अभियंता असेल किंवा अधीक्षक असेल. पुढे आला तर अपर असेल किंवा अतिरिक्त असेल. 'का.अ.' म्हणजे पाटबंधाऱ्यात कार्यकारी अभियंता आणि मंत्रालयात कार्यासन अधिकारी. 'शा.अ.' म्हणजे कुठे शाखा अभियंता, कुठे शाखा अधिकारी. 'उ.अ.भू.अ.' यात तर दोन 'अ.' दोन अर्थांचे : उप अधीक्षक, भूमी अभिलेख. पहिला अधीक्षक, दुसरा अभिलेख. यांनाच पूर्वी तालुका निरीक्षक म्हणत, त्यावरून लोकांच्या तोंडी टीआयएलआर बसले ते आजतागायत.

आता 'स.' घ्या. सहायक, सह, सहकारी, सन्माननीय. 'सहायक' आणि 'सह' यांत तर जमीन-अस्मानाचा फरक. सहायक निबंधक तालुक्याला बसतो. सहसंचालक हा संचालकाच्या लगतच खालचा. साखर खात्याचे प्रादेशिक सहसंचालक, ज्यांना आपण आरजेडी म्हणतो, ते अनेक कारखान्यांवर देखरेख करतात. दोघांच्याही हुद्द्याचे पहिले अक्षर 'स.' असू शकते.

'प्र.' असेच. नावापुढे 'प्र. तहसीलदार' असेल तर प्रभारी, म्हणजे मूळ अधिकारी नसताना कार्यभार सांभाळणारा. 'प्र.क्र.' मध्ये तोच 'प्र.' म्हणजे प्रकरण. सहीखाली 'तहसीलदार करिता' असेल, तर सही तहसीलदारांची नसून त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी केलेली. हे एवढ्यासाठी सांगतो की, एखाद्या आदेशाविरुद्ध जायचे झाले, तर सही कुणाची आणि कोणत्या हुद्द्याने, हे आधी पाहावे लागते.

'मे.' ची तर गंमतच. अर्जाच्या डोक्यावर 'मे. तहसीलदार साहेब' असते तेव्हा ते मेहेरबान. खताच्या दुकानाच्या पाटीवर 'मे.' असते तेव्हा ते मेसर्स. आमच्या ओळखीचा एक तरुण सभासद वर्षानुवर्षे दुकानदारालाही मेहेरबान समजत होता. उधारी देणारा दुकानदार असेल तर तेही अगदीच चूक म्हणता येणार नाही!

आणि 'मा.' चा अनुभव आमचा स्वतःचा. याच वार्तापत्राच्या एका जुन्या अंकात आम्ही एका गृहस्थांच्या नावामागे 'मा. संचालक' छापले. आमच्या मनात माननीय. त्यांच्या मंडळींनी वाचले माजी. ते तर त्या वेळी चालू संचालक! दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते आमच्या दारात उभे. "आम्हाला कधी उतरवलं?" त्यांची समजूत काढताना चहा तीनदा झाला. तेव्हापासून आम्ही माजीला 'माजी' असेच पूर्ण लिहितो.

नावापुढचे आणि नावामागचे

सभेच्या पत्रिकेत आपण 'ना.', 'खा.', 'आ.' वाचतो. ना. म्हणजे नामदार, हे मंत्र्यांसाठी. खा. म्हणजे खासदार, आ. म्हणजे आमदार. ही लोकव्यवहारातली रूढी आहे. इंग्रजी अमदानीत रावसाहेब, रावबहादूर असे किताब सरकार देई आणि 'रा.सा.', 'रा.ब.' अशी अक्षरे लोक अभिमानाने लावीत. राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने ते बंद झाले. सेनादलातील आणि विद्येची पदवी सोडून सरकारने कुणाला किताब द्यायचा नाही, असे ते कलम सांगते. म्हणून सुभेदार, कर्नल चालते, डॉक्टर चालते. भारतरत्न आणि पद्म पुरस्कारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निकाल दिला की, हे किताब नव्हेत आणि नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत.

नावामागे कंसात 'भा.प्र.से.' असते, ते काय? तो हुद्दा नव्हे. ती सेवा. भारतीय प्रशासन सेवा, लोकांच्या भाषेत आयएएस. त्या सेवेतला माणूस आज जिल्हाधिकारी असेल, उद्या जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी होईल, परवा साखर आयुक्त. भा.पो.से. म्हणजे पोलीस सेवा, भा.व.से. म्हणजे वन सेवा. इथे मराठीची एक बाजू सांगितली पाहिजे. इंग्रजीत वन सेवा आणि परराष्ट्र सेवा दोन्ही आय.एफ.एस. होतात. मराठीत मात्र वनाचा 'व' स्वतंत्र राहतो. तेव्हा घोटाळा मराठीमुळे होतो असे कुणी म्हणू नये. घोटाळा होतो तो कात्रीमुळे.

यातून धडा एक. अर्ज माणसाच्या नावाने लिहू नका, हुद्द्याच्या नावाने लिहा. साहेब बदलून जातात, खुर्ची राहते.

बदललेली नावे

आणखी एक ध्यानात ठेवा. २०२४ साली तलाठी या पदाचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले. त्याच वर्षी ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी असे नाव ठरले. आता ही आखूड केली की काय होते बघा : ग्रा.म.अ. आणि ग्रा.पं.अ. पहिल्याकडे सातबारा, फेरफार, पीकपाणी. दुसऱ्याकडे घरपट्टी, नळपट्टी, ग्रामसभा. तलाठी आणि ग्रामसेवक म्हणत होतो तेव्हा आंधळ्यालाही फरक कळत होता. आता एका अक्षरावर सगळी भिस्त. घाईत वाचणारा हमखास चुकणार. आमचे म्हणणे असे की, नवी नावे पूर्ण लिहावीत आणि काही दिवस कंसात जुनेही लिहावे. त्यात कुणाचा मान कमी होत नाही.

वीज मंडळाचेही तेच. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि आपल्या मोटारीचे बिल महावितरणकडे गेले. तरी आपण एमएसईबीच म्हणतो. बोलताना चालते. अर्जावर मात्र आजचे नाव असावे.

'सात नंबर' कुठला?

हुद्द्यांसारखेच फॉर्मांचे. 'सात नंबर घेऊन या' असे महसुलात म्हटले, तर गाव नमुना ७, म्हणजे जमिनीचा अधिकार अभिलेख. त्याला पिकांचा नमुना १२ जोडून आपला सातबारा होतो. पाटबंधाऱ्यात 'सात नंबर' म्हणजे पाणी मागणीचा अर्ज. आकडा एक, खाती दोन. आबा याच सात नंबरामुळे पाटबंधाऱ्यातल्या उ.वि.अ. ना ओळखत होते, हे आम्हाला मागाहून उमगले.

सातबाऱ्यावरही आखूड अक्षरांची वस्ती आहे. पो.ख. म्हणजे पोटखराबा. हे.आर. म्हणजे हेक्टर-आर. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात अज्ञान वारसाचा पालक. आणि सगळ्यांत जपण्यासारखे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. वडील गेल्यावर थोरल्या भावाचे नाव लागले आणि पुढे ए.कु.मॅ. लिहिले, याचा अर्थ रान एकट्या थोरल्याचे नव्हे. तो सगळ्या भावंडांच्या वतीने नावावर आहे. ही साडेतीन अक्षरे नजरेआड झाली, तर धाकट्या भावाचा आणि बहिणींचा हिस्सा कागदावरून पुसल्यासारखा होतो. घरोघरी एकदा सातबारा उघडून ही अक्षरे आहेत का, ते पाहा. असतील आणि सगळे वारस हयात असतील, तर सर्वांची नावे लावून घेण्याचा अर्ज करा. भांडण होण्याआधी केलेला अर्ज स्वस्तात पडतो.

आपल्या उसाची अक्षरे

आता आपल्याच घरात येऊ. एफ.आर.पी. हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. रास्त आणि किफायतशीर दर. २००९-१० च्या हंगामापासून हा आला. त्याआधी एस.एम.पी. होती, म्हणजे वैधानिक किमान किंमत. दोन्ही केंद्र सरकारने ठरवायचे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. थकले तर साखर आयुक्त 'आर.आर.सी.' काढतात. हे महसुली वसुलीचे प्रमाणपत्र. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी कारखान्याकडून वसुली होते. हे आम्ही कारखान्याच्याच वार्तापत्रात लिहितो आहोत. सभासद मालक आहे, आणि मालकाला आपल्या हक्काची अक्षरे वाचता आली पाहिजेत.

सहकाराच्या बाबतीत एक फरक ध्यानात घ्या. गावच्या सोसायटीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे. साखर कारखान्याच्या बाबतीत निबंधकाचे अधिकार साखर आयुक्तांकडे, आणि त्यांचे प्रादेशिक सहसंचालक आपल्या विभागाला. सोसायटीची तक्रार पुण्याला साखर संकुलात पाठवली किंवा कारखान्याची तक्रार ए.आर. कडे दिली, तर दोन्ही कागद नुसते फिरत राहतात.

कातरून ठेवा

खालची यादी कातरून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवावी.

महसूल : जि.अ. – जिल्हाधिकारी (कलेक्टर). उ.वि.अ. – उपविभागीय अधिकारी (प्रांत). तहसीलदार – मामलेदार. मं.अ. – मंडळ अधिकारी (सर्कल). ग्रा.म.अ. – ग्राम महसूल अधिकारी (तलाठी).

मोजणी : जि.अ.भू.अ. – जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख. उ.अ.भू.अ. – उप अधीक्षक, भूमी अभिलेख.

जिल्हा परिषद : मु.का.अ. – मुख्य कार्यकारी अधिकारी (सीईओ). ग.वि.अ. – गटविकास अधिकारी (बीडीओ). ग्रा.पं.अ. – ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक).

शेती : जि.अ.कृ.अ. – जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. ता.कृ.अ. – तालुका कृषी अधिकारी.

सहकार व साखर : जि.उ.नि. – जिल्हा उपनिबंधक (डीडीआर). स.नि. – सहायक निबंधक (ए.आर.). प्रा.सह.सं. – प्रादेशिक सहसंचालक, साखर (आरजेडी).

कागदावरचे : जा.क्र. – जावक क्रमांक. आ.क्र. – आवक क्रमांक. कावि – कार्यविवरण. शा.नि. – शासन निर्णय (जी.आर.). ज.मा.अ. – जन माहिती अधिकारी.

कागद हाती आला की

सरकारी कागद हाती आला, तर आधी चार गोष्टी पाहा. एक, डोक्यावर कचेरीचे पूर्ण नाव काय आहे. आखूड अक्षरांचा अर्थ नेहमी त्या नावावरून लावायचा. दोन, जावक क्रमांक आणि तारीख. तीन, सही कुणाची. चार, कागद तुम्हाला कोणत्या दिवशी मिळाला. तो दिवस कागदाच्या पाठीवर लगेच लिहून ठेवा. कारण अपिलाची मुदत त्यावर असते. जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याने आदेश दिला, तर अपिलाला ६० दिवस. जिल्हाधिकाऱ्यांचाच आदेश असेल तर ९० दिवस. म्हणजे सही कोणत्या हुद्द्याची, यावर तुमचे तीस दिवस कमी-जास्त होतात. आता सांगा, हुद्दा वाचता येणे ही हौस आहे की गरज?

अर्ज देताना हुद्दा पूर्ण लिहा, गाव-तालुका लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर त्यांनी पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवावा, असे २००५ च्या कायद्यात आहे. साध्या अर्जाचा असा भरवसा धरू नका. साध्या अर्जाला पाय नसतात, पाय तुम्हालाच वापरावे लागतात.

आणि कळले नाही तर विचारा. "हे उ.वि.अ. म्हणजे कोण हो?" असे खिडकीवर विचारण्यात लाज कसली? पगार घेऊन बसलेल्या माणसाने ते सांगायलाच हवे. शाळा शिकलेल्या सुनेला, नातवंडांना कागद वाचायला बसवा. पण त्यांनी अंदाजाने सांगितले, तर तेही खिडकीवर पडताळून घ्या.

आबांचे पुढे काय झाले

अठरा दिवस हातात होते. आबांचा दावा मुदत संपायच्या आधी मामलेदार कोर्टात दाखल झाला. नोटिसा निघाल्या, स्थळ पाहणी झाली, शेजारच्या दोघा शेतकऱ्यांनी वहिवाट जुनी असल्याचे सांगितले. आदेश आबांच्या बाजूने झाला आणि फेब्रुवारीत चर बुजली. पण ऊस तोपर्यंत थांबला नव्हता. त्याला तुरा आला होता. डिसेंबरात तुटायचा तो फेब्रुवारीच्या शेवटी तुटला. वजन घटायचे ते घटले. ती घट कुठल्या कायद्यात भरून मिळत नाही.

पहिली खेप गव्हाणीत पडली त्या दिवशी आबा ऑफिसात आले. आम्ही म्हटले, "आबा, चूक आमची झाली. चिठ्ठी आमची होती." ते म्हणाले, "चूक कुणाची ते ऱ्हाऊ द्या. आता वाट हाय, ते बघा. पण साहेब, पुढच्या गड्याला चिठ्ठी देताना जरा सबंध लिवत जावा. आम्हाला वाचाया येतं, पर तुमच्या मनातलं वाचाया येत नाही."

हे वाक्य आम्ही लिहून ठेवले आहे. त्यानंतर आपल्याच कारखान्याच्या नोटिसा काढून पाहिल्या. मु.शे.अ., का.सं., ऊ.वि.अ.! होय, ऊस विकास अधिकाऱ्यालाही आम्ही ऊ.वि.अ.च करून ठेवले होते. ऱ्हस्व-दीर्घाचा काय तो फरक. दुसऱ्याच्या कचेरीला नावे ठेवण्याआधी आपले अंगण झाडावे, हे बरे.

तेव्हा या अंकापासून आम्ही एक नेम धरला आहे. या वार्तापत्रात कोणताही हुद्दा पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण छापायचा. गट ऑफिसांतून सभासदाला जी चिठ्ठी जाईल, तीत हुद्दा, खाते आणि कचेरीचा पत्ता तिन्ही लिहावे, असे आम्ही कार्यालयाला सुचवले आहे. आमच्याकडून हा नेम मोडलेला दिसला, तर सभासदांनी बिनदिक्कत कान धरावा. तुम्हाला कोड्यात टाकणारे एखादे आखूड अक्षर असेल, तर कागदाची नक्कल घेऊन वार्तापत्राकडे या. आम्हालाही ठाऊक नसेल, तर खिडकीवर जाऊन विचारू.